गवतावरील व धान्यावरील तांबेरा

पाटोदा, आष्टी, शिरूर, केज व धारूर या बाजूंस बालाघाटाच्या माथ्यावर राहणारे आपल्या मंडळाचे सभासद भेटले म्हणजे बहुधा तीन प्रश्न विचारतात. पावसाळा सरतां सरतां कुरणांतील गवताच्या पानांवर तांबूस पुटकुळ्या येतात. त्यांतून चालणाऱ्या माणसाचे पाय व चरणाऱ्या जनावरांचीं तोंडें गेरू लागल्यासारखीं लाल होतात. हा तांबेरा गवतावरून गव्हावर व ज्वारीवर जातो काय? असें गवत जनावरांस घालावें कीं नाहीं? आणि रोग समूळ जावा म्हणून कुरण पेटवून द्यावें काय?

प्रश्न लहान दिसतात. परंतु आपला जिल्हा अवर्षणाचा. येथें चाऱ्याचा प्रश्न म्हणजे संसाराचाच प्रश्न होय. २०१८-१९ च्या दुष्काळांत बीड जिल्ह्यांत शेंकडों चारा छावण्या उघडाव्या लागल्या, हें कोणीही विसरलेला नाहीं. ज्याच्या गंजींत चार पेंढ्या अधिक होत्या, त्याच्या दावणीचीं जनावरें त्या वर्षीं घरीं राहिलीं. आपलीं हजारों कुटुंबें दर वर्षीं बैल घेऊन ऊसतोडीस जातात. मागें राहिलेल्या गाई-वासरांस कुरण व कडबा यांचाच आधार असतो. अंबाजोगाई-परळीकडील लाल कंधारी गाय देखील याच चाऱ्यावर जगत आली आहे. तेव्हां गैरसमजुतीनें एक कुरण जरी जळालें, तरी तें नुकसान लहान नव्हे.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमचें आयुष्य महसूल खात्यांतील कारकुनींत गेलें आणि घरची थोडी शेती आहे. पीकपाहणी, पैसेवारी व पीक कापणी प्रयोग यांच्या निमित्तानें अनेक वर्षें शेतें पाहण्यांत आलीं. या रोगासंबंधीं संशोधकांनीं जें सिद्ध केलें आहे, तें आपल्या भूमीस लावून सोप्या शब्दांत सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

तांबेरा म्हणजे काय

कोणी यास तांबेरा म्हणतात, कोणी गेरवा. दोन्ही नांवें रंगावरून पडलीं आहेत. हा रोग हवेंतून आपोआप उत्पन्न होत नाहीं, तसाच तो ग्रहणानें किंवा विजेनेंही पडत नाहीं. ती एक अतिसूक्ष्म बुरशी आहे. भाकरीवरचा बुरा मेलेल्या अन्नावर वाढतो. तांबेऱ्याची बुरशी मात्र जिवंत पानाखेरीज वाढूंच शकत नाहीं. हा भेद प्रत्येक शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे, कारण पुढील सर्व उपाय त्यावरच अवलंबून आहेत. झाड मेलें कीं त्यावरील तांबेऱ्याची वाढ थांबते.

पानावर जी लाल पुटकुळी दिसते, तींत या बुरशीचे हजारों बीजाणु भरलेले असतात. पुटकुळी फुटली म्हणजे ते धुळीसारखे वाऱ्यावर उडतात. बीजाणु निरोगी पानावर पडला, तरी पान कोरडें असल्यास तो कांहीं करूं शकत नाहीं. पानावर दंवाचें किंवा पावसाचें पाणी कांहीं तास टिकलें आणि हवा बेताची थंड असली, तर तो रुजतो व पानाच्या श्वास घेण्याच्या सूक्ष्म छिद्रांतून आंत शिरतो. त्यानंतर आठ ते चौदा दिवसांत नवी पुटकुळी तयार होते. एका पुटकुळीपासून शंभर झाल्या असें धरलें, तर दुसऱ्या पिढीस दहा हजार व तिसऱ्या पिढीस दहा लाख होतील. संक्रांतीला शेतांत दोन-चार पानें लाल दिसतात आणि महिन्या-दीड महिन्यांत सारें शेत लाल होतें, त्याचें रहस्य या हिशेबांत आहे.

नुकसान दोन प्रकारें होतें. एक तर दाण्यांत जावयाचें अन्न बुरशी खाते. दुसरें असें कीं, पुटकुळ्यांनीं पानाची व काडीची साल ठिकठिकाणीं फाटून झाडांतील ओल उडून जाते. याचा परिणाम म्हणजे दाणा चिमतो. शेत दुरून भरलेलें दिसतें, ओंब्याही मोजून तितक्याच भरतात, परंतु खळ्यांत पोतें भरत नाहीं. फुलोऱ्यापूर्वीं रोग आला तर नुकसान फार होतें. दाणा पक्व होतांना आला तर थोडक्यांत निभावतें.

प्रत्येक तांबेऱ्याचें घर निराळें

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. रंग एक दिसला म्हणून रोग एक नव्हे. तांबेऱ्याच्या हजारों जाती आहेत आणि प्रत्येक जातीची वनस्पति ठरलेली असते. आपल्या माळावरील मारवेल, पवन्या, कुसळी या गवतांवर जे तांबेरे येतात, ते त्या त्या गवताचे व त्यांच्या जवळच्या नात्यांतील गवतांचे आहेत. ते गव्हावर जात नाहींत. गव्हाचा तांबेराही त्या गवतांवर जात नाहीं. कुरणांतून लाल झालेल्या पायांनीं कोणी गव्हाच्या शेतांत गेला, तरी गहू त्यामुळें बिघडत नाहीं.

गव्हावर तीन तांबेरे येतात. काळा तांबेरा मुख्यतः काडीवर व पानाच्या देठाजवळ येतो. पुटकुळ्या लांबट असून आरंभीं विटकरी व शेवटीं काळ्या होतात, आणि त्यांच्या कडेस फाटलेली साल दिसते. नारिंगी किंवा तपकिरी तांबेरा पानाच्या वरील अंगावर विखुरलेल्या गोल ठिपक्यांनीं येतो. पिवळा तांबेरा पानावर शिवणीच्या टांक्यांसारख्या रांगांनीं येतो. त्यास थंड हवा लागते, म्हणून तो हिमालयाच्या पायथ्याचा व उत्तरेकडील प्रांतांचा रोग आहे. महाराष्ट्रांत भीति पहिल्या दोघांची.

ज्वारीचा तांबेरा निराळा. त्याच्या पुटकुळ्या जांभळट-तांबड्या असून बहुधा खालच्या, जून पानांवर आधीं दिसतात. या बुरशीची एक अवस्था आंबुटीवर, म्हणजे ओलसर जागीं उगवणाऱ्या आंबट तिपानी तणावर, जाऊं शकते असें आढळलें आहे. परंतु ज्वारी आपल्याकडे खरीप, रब्बी व उन्हाळी कडवळ अशी बाराही महिने कोठें ना कोठें उभी असते, त्यामुळें रोगास दुसऱ्या घराची फारशी गरज पडत नाहीं. बाजरीच्या तांबेऱ्याची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. त्याची एक अवस्था बाजरीवर, तर दुसरी वांग्यावर जाते. वांग्याच्या पानावर पिवळसर नारिंगी चट्टे व त्यांत बारीक वाट्यांसारखे फोड दिसले, तर तें बाजरीच्या तांबेऱ्याचेंच रूप समजावें. बाजरीच्या शेतास लागून वांगीं लावूं नयेत, असें जाणते सांगतात तें निराधार नाहीं.

गव्हाचा तांबेरा कोठून येतो

मग गव्हावर दर वर्षीं रोग येतो कोठून? हा प्रश्न पूर्वीं मोठमोठ्या पंडितांस पडला होता. तांबेरा बियाण्यांतून येत नाहीं. गव्हाचें पीक फाल्गुनांत निघून जातें. पुढें वैशाखाच्या उन्हांत गोदाथडीची जमीन तापून तडे जातात आणि त्या उष्णतेंत तांबेऱ्याचे बीजाणु जगूं शकत नाहींत. तरीही पौष-माघांत रोग पुन्हां हजर होतो.

युरोपांत याचें उत्तर निराळें मिळालें होतें. तेथें १८६५ सालीं जर्मन शास्त्रज्ञ डी बारी यानें सिद्ध केलें कीं, काळ्या तांबेऱ्याची एक अवस्था दारुहळदीच्या जातीच्या झुडपावर वाढते व तेथून रोग गव्हावर येतो. अमेरिकेंत १९१६ च्या मोठ्या सांथीनंतर १९१८ पासून तीं झुडपें उपटण्याची मोहीमच सरकारनें चालविली. आपल्या हिमालयांतही दारुहळद आहे. म्हणून येथेंही तिचाच दोष असावा असा तर्क साहजिक होता.

या तर्काची कसून परीक्षा केली ती आग्रा कॉलेजांतील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनीं. त्यांनीं अनेक वर्षें डोंगर व मैदान यांची पाहणी केली. ठिकठिकाणीं चिकट काचपट्ट्या हवेंत ठेवून त्यांवर पडणारे बीजाणु सूक्ष्मदर्शकाखालीं मोजले. कोणत्या गांवीं रोग कोणत्या तारखेस प्रथम दिसला, याच्या नोंदी ठेविल्या. १९४० सालीं त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांचा निर्णय असा कीं, आपल्या देशांत दारुहळदीचें या कामीं कांहीं चालत नाहीं. मैदानांतील उन्हाळ्यांत तांबेरा मरतो खरा. पण उंच डोंगरांवर, जेथें उन्हाळाही थंड असतो, तेथें तो हंगामाबाहेर पेरलेल्या गव्हावर व आपोआप उगवलेल्या गव्हाच्या रोपांवर जगून राहतो, आणि तेथून वाऱ्याबरोबर खालीं येतो. रानगवतांचा यांत हात असलाच तर अल्प आहे. शिमल्यास फ्लॉवरडेल येथें मेहतांनीं ज्या कार्याचा पाया घातला, तें आज कर्नालच्या भारतीय गहू व जव संशोधन संस्थेच्या केंद्राकडे आहे व देशांतील तांबेऱ्याचे नमुने तेथें तपासले जातात. मेहता १९५० सालीं वारले.

आपल्या दृष्टीनें महत्त्वाचे डोंगर म्हणजे दक्षिणेकडील निलगिरी व पळणी. उटी व कोडाईकनाल यांच्या आसपास समुद्रसपाटीपासून सहा-सात हजार फूट उंचीवर हा रोग बारमाही टिकतो. १९७० नंतरच्या काळांत एस. नागराजन व त्यांचे सहकारी यांनीं हवामानाच्या नोंदी तपासून पुढचा दुवा जोडला. कार्तिकाच्या सुमारास, म्हणजे नोव्हेंबरांत, बंगालच्या उपसागरांतील चक्रीवादळें दक्षिण भारतावरून सरकतात. त्यांच्या वाऱ्यांत निलगिरीवरील बीजाणु उंच उचलले जाऊन शेंकडों मैल उत्तरेस येतात, आणि मध्य भारतांत पाऊस झाला तर त्या पावसाबरोबर कोंवळ्या गव्हावर उतरतात. काळ्या तांबेऱ्याचा मार्ग असा आहे. आपल्या दाराशीं येणारा हा पाहुणा दीडशें-दोनशें कोसांपलीकडून येतो.

महाराष्ट्रांतही साडेचार हजार फूट उंचीवर महाबळेश्वर येथें राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचें गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. गव्हाच्या नव्या जातींची परीक्षा तेथें मुद्दाम रोगाच्या तोंडीं देऊन होते. थंड हवेंत रोग सहज वाढतो, म्हणूनच ती जागा निवडली आहे.

आपला बालाघाट या डोंगरांच्या मानानें ठेंगणा आहे. मांजरा नदी जेथें उगम पावते, त्या पाटोद्याच्या बाजूस उंची अडीच हजार फुटांच्या आसपास भरते. चैत्र-वैशाखांत येथेंही ऊन भाजून काढतें. म्हणून गव्हाचा तांबेरा बालाघाटावर उन्हाळा काढूं शकत नाहीं; त्यास दर वर्षीं बाहेरूनच यावें लागतें. परंतु एकदां आला, कीं माथ्यावर त्यास खालच्या गंगथडीपेक्षां अधिक सोय मिळते. माथ्यावर रात्र अधिक गार, दंव अधिक, आणि खोलगट जागीं सकाळचें धुकें उशिरां विरतें. पान जितका वेळ ओलें, तितकें रोगास सुख. कुरणांतील गवताचे तांबेरे मात्र येथील रहिवासी आहेत. तीं गवतें बहुवर्षायु असल्यानें ओढ्याकांठीं, झऱ्याशेजारीं कोठें तरी हिरवें पान उरतें व त्यावर रोगाचा अंश राहूं शकतो.

रोगाचा इतिहास व वाणांची निवड

तांबेरा हा शेतीइतकाच जुना वैरी आहे. प्राचीन रोमन लोक एप्रिलच्या २५ तारखेस तांबेऱ्याच्या देवतेचा उत्सव करून तीस बळी देत असत. आपल्या देशांत नर्मदाखोऱ्यांत या रोगानें गांवें कशीं बुडालीं, याचें वर्णन स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानें १८४४ सालीं छापलेल्या प्रवासवर्णनांत केलें आहे. १९४६-४७ च्या रब्बींत मध्य भारतांत काळ्या तांबेऱ्याची जी सांथ आली, तींत सुमारें २० लाख टन गहू गेला असें मानलें जातें. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता आणि शहरांत धान्य शिधापत्रिकेवर मिळत होतें. त्या वेळीं गेलेल्या एवढ्या गव्हाची किंमत निराळी सांगावयास नको.

या संकटावर महाराष्ट्रानें जें उत्तर शोधलें, त्याचा आपणांस अभिमान वाटला पाहिजे. नाशिक जिल्ह्यांतील निफाडच्या गहू संशोधन केंद्रानें आफ्रिकेंतील केनिया देशाच्या तांबेरा-सोशीक गव्हाचा येथील गव्हाशीं संकर करून नव्या जाती काढल्या. केनिया व निफाड मिळून त्यांस 'केनफाड' असें नांव पडलें. पुढें त्याच केंद्रांतून त्र्यंबक, तपोवन, पंचवटी, गोदावरी, नेत्रावती अशा जाती बाहेर आल्या.

खपली गव्हाची कथाही सांगण्यासारखी आहे. सांगली, सातारा, बेळगांव या बाजूंस पिकणारा हा कोंड्यासकट निघणारा गहू काळ्या तांबेऱ्यास चांगलें तोंड देतो. अमेरिकेंतील स्टॅकमन व लेव्हिन या शास्त्रज्ञांनीं १९२२ सालीं काळ्या तांबेऱ्याचे पोटभेद ओळखण्यासाठीं जे बारा गहू कसोटी म्हणून निवडले, त्यांत आपला 'खपली' त्याच मराठी नांवानें आहे. रोगास विरोध करणारे त्याचे गुण पुढें परदेशी जातींतही घालण्यांत आले. १९९८ सालीं युगांडांत काळ्या तांबेऱ्याचा एक भयंकर पोटभेद सांपडला व साऱ्या जगास धास्ती पडली, तेव्हां अशा जुन्या वाणांकडे शास्त्रज्ञांची नजर पुन्हां वळली. आजोबांच्या वेळचें बियाणें टाकून देण्यापूर्वीं दोन वेळां विचार करावा, तो यासाठीं.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. कोणतीही जात कायमची तांबेरा-सोशीक नसते. बुरशीही बदलते व आज तरलेली जात दहा वर्षांनीं बळी पडूं शकते. म्हणून साऱ्या गांवानें एकच जात पेरणें हें सारी मिळकत एकाच पेटींत ठेवण्यासारखें आहे.

शेजाऱ्याचा दोष नव्हे

आमच्या नोकरीच्या काळांत एका गांवीं दोन भाऊबंदांचा तंटा चावडीवर आलेला आम्हीं पाहिला. एकाचा गहू आधीं लाल झाला, दुसऱ्याचा आठ दिवसांनीं. दुसऱ्याचें म्हणणें असें कीं, पहिल्यानें बांधावरचें गवत कापलें नाहीं, त्यावरचा तांबेरा आपल्या शेतांत आला. सबब भरपाई मिळावी. पहिला म्हणे, बियाणें तर तुझ्याच कणगींतलें होतें. दोघांचेंही म्हणणें चुकीचें होतें. बांधावरच्या गवताचा तांबेरा गव्हाचा नव्हे, आणि बियाण्यांतून हा रोग येत नाहीं. पहिल्याच्या शेतांतील जात अधिक नाजूक होती, त्यानें युरिया भरपूर टाकला होता आणि पेरणीही उशिरां केली होती, म्हणून वाऱ्यावरून आलेला रोग तेथें आधीं दिसला. रोगाचें कारण माहीत नसलें म्हणजे माणूस माणसास कारण ठरवितो. या अज्ञानापायीं दोन घरांचें जाणें-येणें तुटलें, तें आम्हीं निवृत्त होईपर्यंत जुळलें नव्हतें.

कुरणासंबंधीं काय करावें

दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर येणेंप्रमाणें आहे.

१. कुरण पेटवूं नये. आगीनें तांबेरा समूळ जात नाहीं, कारण तो ओढ्याकांठच्या हिरव्या पानांवर राहतो व वाऱ्यावर परत येतो. उलट पवन्या-मारवेलीचें जमिनीवर पडलेलें बीं जळतें, माळ उघडा पडतो व पहिल्या पावसांत माती वाहून जाते.

२. गवत फुलोऱ्यावर येतांच कापावें. आपल्याकडे दिवाळी होऊन गवत पिवळें पडल्यावर कापण्याची चाल आहे. तोंपर्यंत सत्त्व दाण्यांत जाऊन गळून पडतें आणि तांबेऱ्यास दोन महिने अधिक मिळतात. फुलोऱ्यांतील गवत कापून, उघडीप पाहून दोन-तीन दिवस वाळवून गंज रचली, तर चारा हिरवट, सुवासिक व कसदार राहतो, आणि रोगास वाढण्यास वेळच मिळत नाहीं. पावसाची भीति वाटल्यास थोडें थोडें कापावें. बीं पडण्यासाठीं कुरणाचा एक पट्टा दर वर्षीं आळीपाळीनें राखून ठेवावा.

३. कुरणाचे वाटे पाडून चारावेत. गवत फार दाट व जून झालें कीं आंत वारा खेळत नाहीं, ओल टिकते व रोग बळावतो. गायरानांत हें गांवानें मिळून ठरविल्याशिवाय होत नाहीं. ग्रामसभेंत हा विषय जरूर काढावा.

४. गवताबरोबर स्टायलोसारखें शेंगवर्गीय चाऱ्याचें पीक मिसळावें. तांबेऱ्याची एक जात सर्व वनस्पतींवर जात नसल्यानें मिश्र कुरणांत रोगाची वाट अडते व चाऱ्याचा कसही वाढतो.

५. तांबेरा पडलेलें गवत विषारी म्हणून फेंकूं नये. त्याचा कस व रुचि कमी होते हें खरें. भुकटी फार असल्यास पेंढी झटकावी, पाण्याचा हबका मारून भिजवावी व चांगल्या चाऱ्यांत मिसळून घालावी. बुरसून काळें पडलेलें व कुबट वास येणारें गवत मात्र निराळें. तें घालूं नये.

६. तांबेरा व अरगट यांत घोटाळा करूं नये. बाजरीच्या कणसांतून आधीं मधासारखा चिकटा गळतो व पुढें दाण्याच्या जागीं काळसर कठीण खडे येतात, तो अरगट होय. तो खरोखर विषारी आहे. असें बियाणें मिठाच्या पाण्यांत, म्हणजे दहा लिटर पाण्यास दोन किलो मीठ या प्रमाणांत, टाकून वर तरंगणारे खडे व हलके दाणे काढून जाळावेत. तळचें बीं स्वच्छ पाण्यानें धुऊन, सावलींत वाळवून पेरावें.

७. चराऊ गवतावर औषध फवारूं नये. खर्च परवडत नाहीं व औषधाचा अंश दुधांत उतरण्याचा धोका असतो.

गहू व ज्वारी यांसंबंधीं

गव्हाची पेरणी वेळेवर, बागायतांत नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यांत, करावी. वेळेवर पेरलेला गहू रोगाचा भर येण्यापूर्वींच दाणा भरून मोकळा होतो. उशिराचा गहू नेमका त्याच्या तावडींत सांपडतो. नत्र खत मापानेंच द्यावें. गर्द हिरवें, लुसलुशीत पीक तांबेऱ्यास फार आवडतें. बियाणें कोणतें घ्यावें हें परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या शिफारशींवरून ठरवावें, आणि दहा एकरांत एकच जात न पेरतां दोन तरी पेराव्यात.

नोव्हेंबरांत वादळी पाऊस होऊन गेला असेल व पुढें ढगाळ हवा राहिली, तर त्या वर्षीं विशेष सावध असावें. पौषापासून आठवड्यांतून दोनदां शेतांत शिरून खालचीं पानें व काड्या उलटून पाहाव्यात. बांधावरून पाहून भागत नाहीं. पांढऱ्या कागदावर किंवा बोटावर पान घासलें असतां विटकरी भुकटी लागली, तर तो तांबेराच. पानें नुसतीं पिवळीं असून भुकटी लागत नसेल, तर कारण दुसरें आहे. त्यास औषध मारून पैसा घालवूं नये. पहिल्या पुटकुळ्या दिसतांच मॅन्कोझेब दहा लिटर पाण्यांत २५ ग्रॅम, किंवा प्रोपिकोनॅझोल दहा लिटरांत १० मिलिलिटर या प्रमाणांत फवारावें आणि जरूर पडल्यास पंधरा दिवसांनीं पुन्हां फवारावें. दाणा पिवळा पडूं लागल्यावर फवारणीचा उपयोग नाहीं.

रब्बी ज्वारीवर रोग बहुधा कणीस बाहेर पडल्यावर दिसतो. दाण्याचें नुकसान बेताचें होतें, परंतु कडब्याचीं पानें वाळून झडतात, आणि आपल्याकडे कडब्याची किंमत कित्येकदां दाण्याच्या बरोबरीनें असते. खालचीं रोगट पानें झडण्यापूर्वीं ज्वारी वेळेवर काढून कडबा बांधावा. उन्हाळी कडवळाचे फुटवे रोगट दिसल्यास खरिपापूर्वीं ते मोडून टाकावेत.

पैसेवारी व पीक विमा

शेवटीं आमच्या जुन्या धंद्यांतील एक गोष्ट. गारपीट व पूर यांचें नुकसान डोळ्यांस दिसतें. तांबेऱ्याचें दिसत नाहीं. नजर पैसेवारीच्या वेळीं शेत हिरवें, ओंबी टपोरी. पाहणारा आपल्या परी खरेंच लिहितो, पण पुढें दाणा चिमतो आणि गांव ५० पैशांच्या रेघेवर राहतें. पीक विम्यांत ७२ तासांत कळविण्याची अट शेतकऱ्यांस पाठ झाली आहे. परंतु ती गारपीट, पाणी साचणें अशा स्थानिक आपत्तींसाठीं होती. तांबेऱ्याचें नुकसान मंडळाच्या सरासरी उत्पन्नांत, म्हणजे पीक कापणी प्रयोगांतच, उमटतें. म्हणून आपल्या गांवीं प्रयोग कोणत्या गटांत व कोणत्या दिवशीं आहे याची चौकशी करावी, तेथें जातीनें हजर राहावें, आणि वजन आपल्या डोळ्यांदेखत होऊन नोंदलें जातें हें पाहावें. ई-पीक पाहणींत पिकाची नोंद वेळेवर करावी. ज्वारीच्या शेतांत गहू व गव्हाच्या शेतांत हरभरा लिहिलेला असेल, तर खरें नुकसानही खोटें ठरतें. रोग प्रथम दिसल्याची तारीख, पिकाची जात, पेरणीची तारीख व एकरी उतारा एका वहींत टिपून ठेवावा. प्राध्यापक मेहतांनीं देशभरच्या अशाच तारखा जुळवून तांबेऱ्याचा मार्ग शोधला होता.

आपल्या मंडळाच्या सभासदांस आमची विनंति आहे कीं, येत्या रब्बींत गव्हावर, ज्वारीवर व कुरणांतील गवतावर तांबेरा प्रथम केव्हां व कोणत्या जातीवर दिसला, हें एका कार्डावर लिहून मंडळाकडे पाठवावें. माथ्यावरील व गंगथडीच्या गांवांच्या नोंदी एकत्र केल्या म्हणजे रोग खालीं आधीं येतो कीं वर, व किती दिवसांच्या अंतरानें येतो, हें दोन-तीन वर्षांत आपणांसच कळूं लागेल, आणि पुढील सालीं फवारणी करावयाची कीं नाहीं, हें ठरवितांना दुकानदारास विचारण्याची पाळी येणार नाहीं.